माकडतापाचा माग कसा काढावा : होतकरू साथशोधकांसाठी प्राथमिक पाठ

सुरुवात आजार निवडण्यापासून करा. निम्मे होतकरू इथेच घसरतात. करोना घेऊ नका. त्यावर प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन-दोन तज्ज्ञ आधीच बसलेले आहेत. कर्करोग घेतलात तर निष्कर्ष हाती यायच्या आत तुमची पेन्शन सुरू होईल. डेंग्यू बरा, पण त्यात शोधायचं काय? डास कोण आणि तो कुठल्या कुंडीत वाढतो हे शाळेतली पोरंसुद्धा सांगतात, फक्त कुंडी कोणी रिकामी करत नाही. नवशिक्याला योग्य असा आजार म्हणजे माकडताप. तो सह्याद्रीच्या पट्ट्यातला, म्हणजे घरचाच. त्याला विशिष्ट औषध नाही, त्यामुळे डॉक्टरमंडळी तुमच्याशी स्पर्धा करणार नाहीत. शिवाय त्यात माणूस, माकड, गाय, उंदीर, गोचीड आणि काजू इतकी पात्रं आहेत की एखादं हातातून निसटलं तरी अहवालाची पानं भरतात.

आधी थोडा इतिहास वाचून घ्या. 1957 साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणली. माकडं मरतात आणि मग आपण आजारी पडतो, हे गावकऱ्यांच्या तोवर ध्यानात आलेलं होतं. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचं पथक तिथे पोचलं. तेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. माकडं मरताहेत म्हटल्यावर पहिला संशय गेला पीतज्वरावर, आणि सगळ्यांचं धाबं दणाणलं, कारण पीतज्वर पसरवणारा डास भारतात मुबलक आहे आणि तो आजार मात्र इथे कधी आलेला नाही. तपासणीत पीतज्वर निघाला नाही. निघाला तो एक नवाच विषाणू, आणि त्याचं जवळचं नातं जुळलं रशियातल्या, गोचिडीतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी. आता शिमोग्याच्या जंगलात रशियाचा भाऊबंद आला कुठून? सायबेरियातून हिवाळ्यात पक्षी येतात, त्यांच्या अंगावर गोचिडी असतात, तेव्हा त्यांनीच आणला असावा, असा तर्क निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले, सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात कड्या अडकवल्या. विषाणू पक्ष्यांनी आणला याचा पुरावा काही मिळाला नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थलांतराविषयी मात्र बक्कळ माहिती जमा झाली. यातून नवशिक्याने घ्यायचा धडा असा की चुकीच्या संशयालाही अनुदान मिळतं, फक्त संशय भारदस्त हवा.

आता साहित्य. घोट्याच्या वर येणारे बूट, लांब मोजे, पँट मोज्यात खोचण्याची लाज न वाटणारा स्वभाव, पांढऱ्या फलाटिणीचा एक तुकडा, चिमटा, बुचाच्या कुप्या, बर्फाचा डबा, आणि एक भिंतीवरचं कालनिर्णय. कालनिर्णय विसरू नका. लॅपटॉपवाचून साथ शोधता येते, कालनिर्णयावाचून येत नाही. का, ते पुढे कळेल.

पहिलं काम म्हणजे रुग्ण कोणाला म्हणायचं ते ठरवणं. हे काम एसी हॉलमध्ये चहा-बिस्किटांसोबत केलं जातं आणि त्यावर दोन दिवस वाद होतो. अचानक चढलेला सणसणीत ताप, डोकं फुटेल अशी डोकेदुखी, अंग मोडून येणं, उलट्या, प्लेटलेट्स घसरणं, क्वचित हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. एवढं लिहून झालं की कोणीतरी म्हणतं, अहो, हा तर डेंग्यू. दुसरा म्हणतो, लेप्टो. दोघंही बरोबर असतात, कारण कोकणात हे सगळे ताप एकाच ओपीडीत एकाच बाकावर बसलेले असतात. म्हणून व्याख्येत नुसती लक्षणं घालून भागत नाही. कुठे आणि कधी हेही घालावं लागतं. अमुक तालुक्यात राहणारा, अमुक महिन्यांत ताप आलेला, आणि त्याआधी जंगलात जाऊन आलेला तो संशयित रुग्ण. प्रयोगशाळेने शिक्का मारला की तो निश्चित रुग्ण. शिक्क्यासाठी पहिल्या काही दिवसांतलं रक्त आरटी-पीसीआरला आणि नंतरचं ॲन्टिबॉडीच्या तपासणीला पाठवतात. करोनामुळे आता आरटी-पीसीआर हा शब्द वाडीतल्या आजीलाही पाठ आहे, त्यामुळे समजावण्यात वेळ जाणार नाही. वेळ जाईल तो बर्फ वितळायच्या आत नमुना पोचवण्यात.

व्याख्या फार घट्ट केलीत तर रुग्ण सापडत नाहीत, फार सैल केलीत तर सर्दीवालेही आत येतात. कोणती निवडावी? वर बसलेल्यांना साथ हवी आहे की नको आहे, याचा आधी कानोसा घ्या.

मग गावात जा. 2015 मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि 2016 मध्ये शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप उतरला. पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांद्याच्या बाजूला. तेव्हा आपण दोडामार्गातच जाऊ. प्रश्नावली घेऊन अंगणात बसा. पाणी येईल, ते प्या. चौथा प्रश्न असेल, ‘गेल्या दोन आठवड्यांत आपण जंगलात गेला होतात काय?’ समोरची काकी तुमच्याकडे जरा कीव केल्यासारखं बघेल.

‘रानात? रानात कित्याक जातलंय? काजी पुंजावूक गेल्लंय.’

तुमच्या फॉर्मवर ‘नाही’ या चौकोनात खूण होईल, आणि त्या एका खुणेने तुमचा अख्खा अभ्यास बसेल. कारण तिच्या लेखी काजूची बाग म्हणजे रान नव्हेच, ती स्वतःची बाग. बागेच्या वरच्या बांधाला मात्र सरळ सह्याद्री सुरू होतो, माकडं दिवसभर बोंडांसाठी खाली येतात, आणि काकी सकाळपासून दुपारपर्यंत वाकून, उकिडवी बसून, पातेरा हाताने चाळत बिया वेचत असते. गोचिडीला याहून सोयीची बैठक कोणी दिली नसती. तेव्हा ‘जंगल’ हा शब्द फॉर्मवरून काढा. कुठे बसलात, कशावर बसलात, पातेरा कोणी आणला, गुरं कोणी सोडली, असं विचारा. हे प्रश्न शास्त्रीय वाटत नाहीत. म्हणूनच ते वरून आलेल्या छापील प्रश्नावलीत नसतात.

ताप कधी सुरू झाला हे विचारल्यावर तारीख मिळणार नाही. ‘शिमग्याच्या आदल्या दिसा’, ‘चेडवाच्या परीक्षेच्या येळार’, अशी उत्तरं येतील. इथे कालनिर्णय उघडा. साथीचा आलेख ताप सुरू झाल्याच्या तारखेने काढायचा असतो, केंद्रात नोंद झाल्याच्या तारखेने नव्हे. नोंदीच्या तारखेने काढलात तर सगळी साथ सोमवारी सुरू होते आणि शनिवारी संपते असं दिसेल आणि रविवारी न चावणाऱ्या गोचिडीचा शोध तुमच्या नावावर लागेल.

आलेख नीट निघाला तर त्याचा आकार बघा. डिसेंबरात वळवळ, जानेवारीपासून चढ, मार्च-एप्रिलपर्यंत ऐन भर, मे संपता संपता उतार, जूनमध्ये शून्याजवळ. हा आकार माणसाच्या सवयींचा जितका आहे तितकाच गोचिडीच्या वयाचा आहे. त्यासाठी आता फलाटीण काढा.

हा पाठ सावकाश करायचा. हेमाफायसॅलिस स्पिनिजेरा असं भारदस्त नाव धारण करणारी ही गोचीड आयुष्यात तीनदाच जेवते आणि प्रत्येक वेळी वेगळ्या यजमानाकडे. अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू पावसाळा सरताना उंदीर, चिचुंद्री, पक्षी किंवा माकड गाठतं, पोट भरलं की खाली पडतं, कात टाकतं आणि आठ पायांचं होतं. माणसाला ताप देणारं हेच, मधल्या वयाचं, तिळाहून मोठं नसलेलं. डिसेंबर ते मे हा त्याचा हंगाम, आणि काजूचा हंगाम त्याच्या पोटातच येतो. पांढरं फलाटीण दोन टोकांना धरून पातेऱ्यावरून आणि खुरट्या झुडपांवरून हळू ओढत न्या. दहा-बारा पावलांनी थांबा, उलटं करा. सुरुवातीला काहीच दिसणार नाही. धूळ, एखादं गवताचं कुसळ. डोळे स्थिरावले की त्यातलं एक कुसळ चालायला लागेल. पुढचे दोन पाय वर उचलून ते हवेत काहीतरी चाचपडत असतं. गोचिडीचं नाक त्या पायांत असतं, आणि तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला त्याच पायांनी कळतो. चिमट्याने उचला, कुपीत टाका, वेळ लिहा, पुढची दहा पावलं. तासाला किती मिळाल्या हा तुमचा आकडा. असं सकाळभर केलं की कंबर धरते आणि कुपीत जमलेल्या मंडळींपैकी बहुतेक निर्दोष असतात. विषाणू थोड्यांकडेच असतो, म्हणून पन्नास-पन्नासचे गट करून तपासावं लागतं. हे सगळं चालू असताना रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारेल, ‘काय हरवला?’ प्रत्येकाला नम्रपणे उत्तर द्या. कोणत्या उतारावर माकडं मेली आहेत हे त्यांच्याकडूनच कळणार आहे.

मेलेलं माकड हा या शास्त्रातला सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत बेभरवशाचा पुरावा. टोपीवालं लाल तोंडाचं माकड आणि काळ्या तोंडाचं वानर, दोघांनाही हा विषाणू मारतो. माकड मेलं आणि अंग थंड पडू लागलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात, आणि त्या झाडाखालची जमीन पुढे कित्येक दिवस धोक्याची होते. त्यामुळे माकड कधी आणि कुठे मेलं ही माहिती माणसाच्या तापाच्या आधी मिळते. म्हणजे मिळायला हवी. प्रत्यक्षात तीन गोष्टी होतात. एक, बागाईतदार माकडांनी इतका पिडलेला असतो की दोन-चार मेल्याचं कळवण्याऐवजी तो सुटकेचा श्वास टाकतो. दोन, देवभोळं गाव मारुतीरायाचा वंशज म्हणून माकडाला हार घालून, वाजतगाजत पुरून मोकळं होतं. तीन, सरकारी माणसं पोचतात, पण उशिरा, आणि उन्हात पडलेल्या माकडाच्या शरीरातून उपयोगाचं काही निघत नाही. घाई करून हातमोज्यांशिवाय हात लावू नका. 2012 च्या अखेरीस बंदीपूरच्या जंगलात मेलेली माकडं उचलून जाळण्याचं काम ज्या कामगारांनी केलं, तेच तापाने पडले. प्रयोगशाळेच्या चार भिंतींतही सुरुवातीच्या काळात या विषाणूने अनेकांना गाठलं होतं; आज पुण्याच्या संस्थेत तो सर्वोच्च, चौथ्या पातळीच्या सुरक्षेत हाताळला जातो. तुमच्याकडे बर्फाचा डबा आहे एवढ्यावर धीट होऊ नका.

इथवर आलात की माकडच गुन्हेगार, असं तुम्हालाही वाटायला लागेल, आणि गावात कोणीतरी माकडांच्या बंदोबस्ताची मागणी करेल. जरा थांबा. माकड आपल्याआधी मरतं. ज्याला आधी गोळी लागली त्याला खुनी म्हणायची पद्धत फक्त आपल्याच शास्त्राच्या बाहेर आहे. माणूस तर विषाणूच्या दृष्टीने बंद गल्ली: माणसापासून माणसाला हा ताप होत नाही. घरच्यांना हे पहिल्याच भेटीत सांगा, म्हणजे आजाऱ्याचं ताट वेगळं होणार नाही.

मग गोचिडींचा एवढा सुळसुळाट होतो कशाने? फलाटीण घेऊन गोठ्याकडे चला. वयात आलेल्या गोचिडीला मोठं जनावर लागतं, आणि जंगलाच्या कडेला सगळ्यांत सहज मिळणारं मोठं जनावर म्हणजे चरायला सोडलेली गाय. गाईला हा विषाणू आजारी पाडत नाही, तिच्या रक्तात तो फारसा वाढतही नाही. ती फक्त गोचिडींचं अन्नछत्र चालवते. एकेक मादी पोटभर रक्त पिऊन हजारांच्या घरात अंडी घालते. होर्हे बॉशेल या शास्त्रज्ञाने 1969 मध्येच मांडलं होतं की जंगल तोडून माणूस आणि त्याची गुरं आत शिरली, त्यातून हे गणित बिघडलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कन्नड जिल्ह्यात निडलेच्या बाजूला काजूच्या लागवडीसाठी जंगल साफ केलं गेलं आणि पाठोपाठ अशी साथ आली की दीड हजारांवर माणसं आजारी पडली, दीडशेच्या आसपास गेली. काजू पुन्हा आला, बघा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात काजूएवढा साळसूद आरोपी दुसरा नाही.

हे अहवालात लिहिताना मात्र भाषा सांभाळा. ‘गाय’ लिहू नका, ‘पाळीव जनावरे’ लिहा. ‘जंगलतोड’ लिहू नका, ‘भूवापरातील बदल’ लिहा. ‘काजू’ तर अजिबात नको. ‘बागायती पिके’ म्हणा. अहवाल छापला जाईल, कोणी दुखावणार नाही, आणि वाचणाऱ्याला नक्की काय करायचं ते कळणार नाही.

संशयाला पुराव्याचं रूप द्यायचं तर ताप आलेले आणि न आलेले अशा दोन गटांची तुलना करतात. इथे नवशिका हमखास एक चूक करतो: तुलनेसाठी शेजारच्याच घरातली माणसं घेतो. तीही काजूतच जातात, त्यांचीही गुरं त्याच रानात, त्यामुळे दोन्ही गट सारखे दिसतात आणि काजूचा ताप येण्याशी काही संबंध नाही असं संगणक ठामपणे सांगतो. वाडीत सगळेच ज्या पाण्यात उभे आहेत, त्याची खोली त्याच वाडीत मोजता येत नाही. मग बारीक फरक शोधा. शिमोगा जिल्ह्यातल्या 2013-14 च्या साथीत घराजवळ वाळक्या पानांचे ढीग असणं हा धोक्याचा घटक म्हणून पुढे आला. कोकणातला माणूस हे वाचून लगेच मान हलवेल: गोठ्यात अंथरायला आणि भाजावळीला भारे भरून पातेरा घरी येतोच. रानात न जाताही घरबसल्या ताप कसा आला, याचं उत्तर अंगणातल्या त्या ढिगात असू शकतं.

छेदाविषयी दोन शब्द. माकडतापात शंभरातले तीन ते पाच दगावतात असं पुस्तकात असतं. अंश सोपा: मेलेल्याची नोंद होते. छेदात कोण? दवाखान्यात आलेले. जो घरी पेज पिऊन, कपाळाला सुंठ लावून बरा झाला, तो छेदात नाही. शिवाय दोडामार्गचा माणूस फारच बिघडला तर गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात नेतात, म्हणजे आजार महाराष्ट्रात आणि कागद गोव्यात. आशाताई दारोदार फिरून तापाचे रुग्ण नोंदवू लागल्या की रुग्ण अचानक वाढतात आणि मृत्यूचं प्रमाण घसरतं. विषाणू तोच असतो, फक्त मोजणारी बाई चालू लागलेली असते. पेपरात त्याच आठवड्यात ‘साथीचा विळखा’ असा मथळा येतो. ज्या तालुक्यात कोणी फिरलंच नाही, तो नकाशावर पांढराशुभ्र आणि निरोगी.

लसीचा पाठ छोटा आहे. कर्नाटकात 1990 पासून मृत विषाणूची लस दिली जात होती: महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर, मग दरवर्षी पुन्हा. इंजेक्शन दुखायचं, बूस्टरला माणसं फिरकायची नाहीत. नंतर हिशेब मांडला तेव्हा एका डोसाचा उपयोग शून्याजवळ, दोन डोसांचा 62 टक्क्यांच्या आसपास आणि बूस्टरसह 83 च्या आसपास निघाला. 2022 मध्ये ती बंद झाली. नव्या लसीवर काम चालू आहे. तोवर अंगाला लावायचं तेल, पूर्ण बाह्या आणि घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ.

शेवटी खाती. माणूस आरोग्य खात्याचा. माकड वनखात्याचं, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही. गाय पशुसंवर्धनाची. काजू कृषी खात्याचा. गोचीड कोणाचीच नाही. समन्वय बैठकीत चारही खात्यांचे साहेब येतात आणि प्रत्येक जण आपापल्या प्राण्याविषयी समाधानकारक माहिती देतो. तुम्ही कुपी सोबत नेली असेल तर ती टेबलावर ठेवू नका. एकदा एका बैठकीत कोणीतरी ठेवली, म्हणतात, आणि चहा येईपर्यंत खोली रिकामी झाली.

मृग लागला, पाऊस स्थिरावला की रुग्ण थांबतात. मधल्या वयाच्या गोचिडींचा हंगाम संपलेला असतो. याच सुमाराला अंतिम अहवाल द्यायचा आणि त्यात लिहायचं, ‘प्रशासनाने वेळीच केलेल्या उपाययोजनांमुळे साथ आटोक्यात आली.’ वयात आलेल्या गोचिडी तेव्हा गुरांच्या कानांमागे चढलेल्या असतात आणि लवकरच अंडी घालणार असतात, पण तो पुढच्या आर्थिक वर्षाचा विषय. तुम्हाला खरोखर काही करायचं असेल तर गुरांच्या गोचीडनाशकाची आणि अंगाला लावायच्या तेलाची मागणी जुलैतच टाका, दिवाळीपर्यंत माल केंद्रात हवा असं पत्रात ठळक लिहा, आणि पत्राची पोच जपून ठेवा. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून तेलाचे खोके येतील, तोवर काकीच्या निम्म्या काजी पुंजावून झालेल्या असतील.